मुलाखतीची वही: नोकरीच्या मुलाखतीची तयारी कशी करावी

मुलाखतीचा मेल आला की बहुतेक नवखे उमेदवार आधी 'मुलाखतीत विचारले जाणारे पन्नास प्रश्न आणि त्यांची उत्तरं' शोधतात आणि पाठ करायला बसतात. मीही तेच केलं होतं. पुढे टेबलाच्या पलीकडे बसायची वेळ आली तेव्हा कळलं, की ती उत्तरं समोरच्यांनाही पाठ असतात. दिवसातला चौथा उमेदवार "कामात मी फार परफेक्शनिस्ट आहे, हाच माझा दोष" म्हणाला, की पॅनेलवरची माणसं एकमेकांच्या नजरा चुकवायला लागतात.

त्यामुळे तयार उत्तरं इथे मिळणार नाहीत. एक साधी वही घ्या. हाताशी चार-पाच दिवस आहेत असं धरून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. दोनच दिवस असतील तर चौथी आणि पाचवी पायरी नीट करा, बाकीच्या उरकल्या तरी चालतील.

पायरी १: जाहिरात पेन घेऊन वाचा

सगळ्यात आधी जाहिरातीचा मजकूर स्वतःकडे उतरवून ठेवा. अर्जांची मुदत संपली की जाहिरात बऱ्याचदा काढून टाकतात, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री तिची लिंक उघडत नाही.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे त्यांना काय हवंय ते लिहा, उजवीकडे ते तुमच्याकडे असल्याचा पुरावा. पुरावा हा शब्द मुद्दाम वापरतोय. 'एक्सेल येतं' हा नुसता दावा झाला. 'तीन वर्षांच्या नोंदी एका शीटमध्ये आणून दर महिन्याचा हिशोब जुळवला' हा पुरावा. उजवीकडची काही खणं रिकामी राहतील. राहू द्या. जाहिरातीतल्या दहाच्या दहा अटी पूर्ण करणारा माणूस क्वचितच मिळतो, हे जाहिरात देणाऱ्यालाही ठाऊक असतं. फक्त रिकाम्या खणाबद्दल विचारलं तर काय बोलायचं, ते तिथेच पेन्सिलीनं लिहून ठेवा.

आता जाहिरात पुन्हा वाचा, या वेळी जरा संशयानं. एकच गोष्ट दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत आली असेल तर त्यांचं दुखणं तिथे आहे. 'एकाच वेळी अनेक कामं हाताळण्याची क्षमता' असं लिहिलं असेल तर तिथे बहुधा माणसं कमी आणि कामं जास्त आहेत. 'विविध विभागांशी समन्वय' म्हणजे अर्धा दिवस दुसऱ्यांच्या मागे लागण्यात जाणार. हे अंदाजच आहेत, चुकूही शकतात. पण मुलाखतीत कशावर भर द्यायचा ते यातून ठरतं, आणि शेवटी तुम्ही जे प्रश्न विचारणार आहात तेही इथूनच निघतात.

पायरी २: कंपनीची माहिती, फार तर दोन तास

एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा: यांना पैसे कोण देतं आणि कशासाठी देतं? हे एका वाक्यात सांगता आलं की निम्मं काम झालं. कंपनी शेअर बाजारात असेल तर तिचा वार्षिक अहवाल सगळ्यांना खुला असतो. त्यातलं सुरुवातीचं अध्यक्षांचं निवेदन आणि धोक्यांबद्दलचा भाग वाचा, आकड्यांची पानं चाळली तरी पुरे. कंपनी लहान असेल तर त्यांची वस्तू किंवा ॲप स्वतः वापरून बघा आणि ग्राहकांनी लिहिलेल्या तक्रारी वाचा. तक्रारींतून जेवढं कळतं तेवढं 'आमच्याविषयी'च्या पानावरून कधीच कळत नाही. मात्र तिथे जाऊन, कोणी विचारलेलं नसताना, त्यांच्या चुका त्यांना ऐकवू नका.

पायरी ३: स्वतःच्या रेझ्युमेची उलटतपासणी

रेझ्युमे छापून घ्या. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून स्वतःला विचारा, "यावर दोन मिनिटं बोलता येईल का?" येत नसेल तर तेवढा विषय उजळून घ्या, नाहीतर ती ओळ काढा.

माझ्या पहिल्या रेझ्युमेत एका सॉफ्टवेअरचं नाव होतं. ते मी एकदाच, मित्राच्या लॅपटॉपवर, अर्धा तास पाहिलं होतं. पॅनेलवरच्या बाईंनी नेमकं तेच विचारलं, कारण त्या रोज तेच वापरत होत्या. पुढची पाच मिनिटं मी काय बोललो ते मला आठवत नाही. खरं नुकसान त्यानंतर झालं. रेझ्युमेतल्या ज्या ओळी शंभर टक्के खऱ्या होत्या, त्यांवरही त्यांनी शंकेच्या सुरात प्रश्न विचारले. यात त्यांचा दोष नव्हता, माणसाचं मन असंच चालतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले होते. एका गुणात वर ठेवलेला माणूस बाकीच्या गुणांतही वरच ठेवला गेलेला त्यांना दिसला, मग त्या गुणांचा एकमेकांशी संबंध असो वा नसो. एक ओळ खोटी निघाली की तीच गाडी उलट दिशेनं धावते.

शिक्षणात किंवा नोकरीत खंड असेल तर त्याबद्दल दोन वाक्यं तयार ठेवा. आजारपण होतं, घरात कोणाची तरी काळजी घ्यायची होती, परीक्षेची तयारी केली आणि जमलं नाही, यातलं जे असेल ते सरळ सांगा आणि आता कामाला मोकळे आहात म्हणा. लांबण लावली तरच पुढचे प्रश्न येतात.

पायरी ४: प्रसंग गोळा करा

आता मुख्य काम. यासाठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा.

आजकाल बरेचसे प्रश्न "असा एखादा प्रसंग सांगा, जेव्हा तुम्ही..." असे सुरू होतात. त्यामागे बराच विचार आहे. १९८० साली गॅरी लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अमुक घडलं तर काय कराल?' या धर्तीच्या मुलाखतीची पद्धत मांडली. दोन वर्षांनी टॉम जॅन्झ यांनी दुसरं टोक धरलं: काय कराल ते राहू द्या, याआधी काय केलंत ते सांगा. आज दोन्ही तऱ्हा सर्रास चालतात. पुढे यातूनच सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारायचे आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे, ही संरचित मुलाखतीची रीत पक्की झाली. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडीच्या निरनिराळ्या पद्धतींवरचं आधीचं संशोधन नव्यानं तपासलं, तेव्हा माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज बांधण्यात हीच पद्धत सगळ्यांत वर आली.

हे तुम्हाला कशाला सांगतोय? समोरचा माणूस मान खाली घालून काहीतरी खरडत बसला, हसला नाही, मान डोलावली नाही, की नवख्यांचा धीर सुटतो. तो बऱ्याचदा तुमचं उत्तर उतरवून घेत असतो. "मी मेहनती आहे, टीममध्ये छान काम करतो" यातून त्याच्या कागदावर काय उतरणार? त्याला लिहिण्याजोगं काहीतरी द्या.

वहीत या प्रत्येकाखाली एक तरी प्रसंग लिहा:

- काम अडलं होतं आणि तुम्ही वाट काढलीत
- बरोबरच्या माणसाशी पटलं नाही, तरी काम पूर्ण करावं लागलं
- तुमच्या हातून चूक झाली
- अगदी कमी वेळात नवीन काही शिकावं लागलं
- तुमचं ऐकायला बांधील नसलेल्या लोकांकडून काम करून घेतलंत
- दोन कामं एकदम अंगावर आली आणि एक मागे ठेवावं लागलं

"पण मला अनुभवच नाही" हे मला फार वेळा ऐकायला मिळतं. प्रोजेक्ट केलात ना? कार्यक्रमाचं आयोजन, सुट्टीतलं तात्पुरतं काम, घेतलेल्या शिकवण्या, घरच्या धंद्यात केलेली मदत, सगळं चालतं. फ्रेशरकडून कोणी मोठ्या पराक्रमाची अपेक्षा धरत नाही. गुंता समोर आला तेव्हा तुमचं डोकं कसं चाललं, एवढंच पाहायचं असतं.

प्रत्येक प्रसंग चार तुकड्यांत मांडा: परिस्थिती काय होती, त्यात तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही नेमकं काय केलंत, आणि त्यातून काय झालं. याला 'स्टार' पद्धत म्हणतात. सगळे जण परिस्थितीच्या वर्णनातच अडकतात. निम्म्याहून जास्त वेळ तिसऱ्या तुकड्याला द्या.

एक नमुना बघा. आधी कच्चं उत्तर:

"कॉलेजच्या कार्यक्रमात नोंदणीचा खूप गोंधळ झाला होता. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो सोडवला आणि कार्यक्रम यशस्वीरीत्या पार पडला."

तोच प्रसंग, नीट सांगितलेला:

"नोंदणी तीन ठिकाणी चालली होती: कागदावर, ऑनलाइन फॉर्मवर आणि मेसेजवर. दोन दिवस उरले तरी किती जण येणार ते कोणालाच सांगता येईना. नोंदणी माझ्याकडे होती. मी तिन्ही याद्या एका शीटमध्ये आणल्या, फोन नंबर जुळवून दुबार नावं काढली. ज्यांचे नंबर अर्धवट होते त्यांच्या वर्गप्रतिनिधींना फोन केले. २१२ नावांची १६८ झाली. त्यावरून खुर्च्यांची संख्या बदलून घेतली. पुढच्या वर्षीच्या टीमला मी पहिल्या दिवसापासून एकच फॉर्म ठेवायला सांगितलं."

दुसरं उत्तर बोलायला अर्धं-पाऊण मिनिट लागतं. त्यात कसलीही मर्दुमकी नाही. तरी या मुलीला किंवा मुलाला नोंदींचं काम दिलं तर काय होईल, ते ऐकणाऱ्याला दिसतं.

आपल्या बोलण्यातली एक खोड इथे आडवी येते. 'मी केलं' म्हणायला आपण कचरतो, आढ्यता वाटेल म्हणून. मग "शीट तयार करण्यात आली", "निर्णय घेतला गेला" अशी वाक्यं येतात. हा कर्मणी प्रयोग कार्यालयीन पत्रात शोभतो; मुलाखतीत मात्र त्यात कर्ताच गायब होतो, आणि मुलाखत तर कर्त्याचीच चाललेली असते. इंग्रजीत मुलाखत असली तरी ही सवय तिथेही आपल्या मागोमाग येते. काम खरोखर पाच जणांचं असेल तर एकदाच म्हणा, "आम्ही पाच जण होतो, त्यातलं हे माझ्याकडे होतं." त्यापुढे बिनधास्त 'मी' म्हणा.

चूक झाल्याचा प्रसंग निवडताना खरी चूक निवडा, पण ज्या कामासाठी अर्ज केलाय त्याच्या मुळावर घाव घालणारी नको. हिशोबाच्या नोकरीला जाऊन "आकड्यांत माझा गोंधळ होतो" सांगायचं नसतं. चुकीनंतर तुम्ही काय बदललंत ते सांगायला मात्र विसरू नका. आणि जुन्या साहेबांच्या माथी खापर फोडू नका, ते कितीही त्या लायकीचे असले तरी.

पायरी ५: तोंडानं बोला

लिहिलेलं वाचत बसू नका. वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि खुर्चीत बसल्यावर पहिलं वाक्यही सुचत नाही. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं निघालं.

तेव्हा प्रत्येक प्रसंगासाठी एका चिठ्ठीवर चार-पाच शब्दच लिहा: 'नोंदणी, तीन याद्या, फोन नंबर, १६८'. चिठ्ठीकडे एकदा बघा, उलटी ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि बोला. दर वेळी वाक्यं वेगळी येतील, तेच हवंय. शब्द न् शब्द पाठ केला तर मध्ये कोणी टोकलं की सगळा डोलारा कोसळतो.

रेकॉर्डिंग ऐकताना स्वतःचा आवाज नकोसा वाटतो. तिकडे दुर्लक्ष करा आणि दोनच गोष्टी बघा: उत्तर दोन मिनिटांच्या वर जातंय का, आणि 'बेसिकली', 'ॲक्च्युअली', 'म्हणजे' किती वेळा येतंय. शेवटी एखाद्या मित्राला किंवा ताईला समोर बसवा आणि मुद्दाम मध्ये तोडायला सांगा. कौतुक करणारं माणूस या कामाला उपयोगाचं नाही.

पायरी ६: हमखास येणारे प्रश्न

"स्वतःबद्दल सांगा." इथे जन्मापासून सुरुवात करायची नसते. सध्या काय करता, त्याआधीचं या कामाशी जुळणारं काय केलंत, आणि हीच नोकरी का हवी आहे, एवढं दीड मिनिटात सांगा. सगळ्या मुलाखतीत आधीपासून ठाऊक असलेला हा एकच प्रश्न, आणि तोच सगळ्यात ढिसाळ जातो.

"तुमची कमतरता कोणती?" खरी सांगा, आणि ती भरून काढायला सध्या काय करताय ते जोडा.

"पगाराची अपेक्षा काय?" त्या कामाला, तेवढ्या अनुभवाला साधारण काय मिळतं ते आधी शोधून ठेवा. आधी त्यांचा अंदाज विचारला तरी चालतो. आकडा सांगावाच लागला तर खालच्या आणि वरच्या दोन आकड्यांत सांगा, आणि खालचा आकडा असा ठेवा की तो मिळाला तरी मनात खंत राहणार नाही, कारण बहुधा तोच धरला जातो.

आणि ज्याचं उत्तर येत नाही असा प्रश्न? १९२१ साली थॉमस एडिसनची उमेदवारांसाठीची प्रश्नावली वर्तमानपत्रांतून गाजत होती. भूगोलापासून रसायनांपर्यंत काहीही त्यात विचारलेलं असे. त्याच वेळी आइन्स्टाइन अमेरिकेत होते. त्यांना त्यातला आवाजाच्या वेगाचा प्रश्न विचारला गेला, तेव्हा पुस्तकात सहज मिळणारी माहिती आपण डोक्यात बाळगत नाही असं त्यांनी सांगितलं. हे आइन्स्टाइनला खपून गेलं. आपण एवढंच म्हणायचं: "हे मला आत्ता सांगता येणार नाही, पण शोधायचं झालं तर मी इथून सुरुवात करेन." थापा मारल्या तर पुढच्या दोन प्रश्नांत पकडले जाता.

पायरी ७: तुमचे प्रश्न

"तुम्हाला काही विचारायचंय?" यावर "नाही" म्हणून उठू नका. तीन प्रश्न वहीत लिहून न्या, वही उघडून वाचलेत तरी हरकत नाही. मला आवडणारा प्रश्न: "पहिल्या तीन महिन्यांत या माणसानं काय केलं तर निवड बरोबर झाली असं तुम्हाला वाटेल?" दुसरा: "ही जागा नवीन आहे की कोणी सोडून गेल्यानं रिकामी झाली?" दुसऱ्याचं उत्तर देताना चेहऱ्यावर काय उमटतं तेही बघा. निवड तुम्हीही करताय.

आदला दिवस

कपडे आदल्या दिवशी घालून, खुर्चीत बसून बघा. उभ्यानं ठीक दिसणारा शर्ट बसल्यावर बटणाशी ताणतो. रेझ्युमेच्या दोन-तीन प्रती, मूळ कागदपत्रं, पेन आणि तिथल्या संपर्कातल्या माणसाचा फोन नंबर एकाच फायलीत ठेवा. नंबर कागदावरही लिहा. दहा-पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पाऊण तास आधी जाऊन रिसेप्शनवर बसलात तर त्यांनाही अवघडल्यासारखं होतं.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला आणा, लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून काम भागतं. उजेड तोंडावर हवा. खिडकी पाठीमागे असली तर तुमची नुसती सावली दिसते. खात्यावरचं नाव तपासा, शाळेत असताना ठेवलेलं टोपणनाव तिथे अजून असू शकतं. नेट गेलं तर मोबाइलवरून कसं जोडायचं, ते आदल्या रात्रीच एकदा करून बघा.

मुलाखतीसाठी, फॉर्मसाठी किंवा ट्रेनिंगसाठी आधी पैसे भरायला सांगितले, तर तयारी तिथेच थांबवा. सरकारी भरतीचं अर्जशुल्क सोडलं तर खरा नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

खोलीत शिरताना

छाती धडधडणारच. "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावून ती थांबत नाही. ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी "मला उत्साह आलाय" असं मोठ्यानं म्हणणाऱ्यांचं भाषण "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. धडधड दोन्हींत सारखीच असते, तिला नाव वेगळं द्यायचं. बाहेर कोणी नसताना म्हणून बघा.

प्रश्न पूर्ण ऐका. उत्तरापूर्वी दोन-तीन सेकंद थांबलात तर काही बिघडत नाही, तुम्हाला तो वेळ तासासारखा वाटतो, समोरच्याच्या लक्षातही येत नाही. प्रश्न कळला नाही तर परत विचारा. पॅनेल असेल तर ज्यांनी विचारलं त्यांच्याकडे बघून सुरुवात करा, मग बाकीच्यांकडेही नजर जाऊ द्या. आणि उत्तर संपलं की थांबा. शांतता भरून काढायला म्हणून पुढे बोलत राहिलेली माणसंच नको ते बोलून बसतात.

बाहेर पडल्यावर

तासाभरात वहीत सगळे प्रश्न लिहून काढा, अडखळलात ते आधी. दुसऱ्या दिवशी फारसं आठवत नाही. त्याच संध्याकाळी चार ओळींचा आभाराचा मेल पाठवा, त्यात मुलाखतीतल्या एखाद्या मुद्द्याचा उल्लेख असू द्या म्हणजे तो सगळ्यांना पाठवतात तसला वाटणार नाही. संदर्भासाठी ज्यांची नावं दिली असतील त्यांना फोन करून कल्पना द्या.

कळवायची तारीख त्यांनी सांगितली असेल तर ती उलटल्यावर दोन दिवसांनी एक मेल करा, त्यानंतर आठवड्यानं आणखी एक. तिसरा करू नका. नकार आला तर कशात कमी पडलो, असं एकदा विचारून बघा. बहुतेक जण उत्तर देत नाहीत, पण देणारे दोन ओळींत जे लिहितात ते वहीत त्याच पानावर, अडखळलेल्या प्रश्नांच्या खाली उतरवून ठेवा.